शरदातला सातारा : उजेड कुठल्या बाजूने येतो
(वाचकांचे प्रश्न, छायाचित्रणाचे सदर)

परतीचा पाऊस उघडला की या सदराची टपाल वाढते. या वेळी तर निम्म्याहून अधिक पत्रं सातारा आणि आसपासच्या भागाबद्दल आहेत. मला मनापासून बरं वाटलं. बत्तीस वर्षं साताऱ्यात स्टुडिओ चालवला. लग्नं, मुंजी, पासपोर्ट साइजचे फोटो यांवर घर चाललं, पण आश्विन-कार्तिकातले रविवार मी कुणाच्या लग्नाला दिले नाहीत. चार महिने ढगात बुडालेले डोंगर एका सकाळी गच्चीवरून लख्ख दिसायला लागतात, चंदन-वंदनची जोडी वेगवेगळी ओळखू येते, आणि मग घरात बसवत नाही. तेव्हा या महिन्यात बाकीचे विषय बाजूला ठेवतो.

आमच्या सदाशिव पेठेतल्या गच्चीवरून मी तीन वर्षं अजिंक्यताऱ्याचे फोटो काढतोय. दरवेळी डोंगर काळा आणि आकाश पांढरंफटक. मोबाइल बदलला तरी तेच. माझं चुकतंय कुठे? (एक वाचक, सातारा)

तुमचं काही चुकत नाही. तुमची गच्ची किल्ल्याच्या उत्तरेला आहे, एवढंच. शाहू महाराजांनी किल्ल्याच्या पायथ्याला पेठा वसवल्या त्या उत्तरेच्या अंगाला, त्यामुळे आपण सगळे सातारकर किल्ल्याकडे दक्षिणेला तोंड करून बघतो. आणि शरदात सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेला सरकत असतो. 22-23 सप्टेंबरला तो अगदी पूर्वेला उगवतो. नोव्हेंबर संपेपर्यंत तीच उगवती वीस-बावीस अंश दक्षिणेला जाते, आणि दुपारी तो डोक्यावर न येता किल्ल्याच्या पाठीमागून, पन्नास-एक अंशांवरून जातो. म्हणजे तुमच्या बाजूचा उतार दिवसातला बराच वेळ स्वतःच्याच सावलीत. कॅमेऱ्याला एकाच चौकटीत सावलीतला डोंगर आणि भर उजेडातलं आकाश दिलं तर तो दोन्ही सांभाळू शकत नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो, तेव्हा हाच उतार उजळतो; पण त्यातले बरेच दिवस किल्ला ढगात असतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं तोवर मीही तीन रोल घालवले होते. 1988 ची गोष्ट, एक रोल छत्तीस फोटोंचा आणि तो धुऊन आणायचा खर्च म्हणजे घरात बोलणी खायची वेळ. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या वस्तादांनी प्रिंट बघितल्या आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सायकलवर डबलसीट घेतलं, समर्थ मंदिरावरून बोगद्याच्या पलीकडे नेलं आणि सज्जनगडच्या रस्त्याला थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "आता मागं वळून बघ." जो किल्ला मी लहानपणापासून काळाच बघत आलो होतो, तो सोनेरी गवताने भरलेला होता. कड्याच्या एकेका थराखाली बारीक सावलीची रेघ होती. तटाचे दगड मोजता येतील इतके सुटे दिसत होते. सूर्य आता आमच्याच अंगाला होता.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला तोच, बोगद्यापलीकडे जा, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान. दुसरी जागा यवतेश्वराच्या घाटातली. तिथून किल्ला आणि गाव पूर्वेला दिसतं, तेव्हा तिथे संध्याकाळी जायचं. पण एक लक्षात ठेवा, मागे यवतेश्वराचाच डोंगर आहे, त्याची सावली गावावर सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी पसरते. नोव्हेंबरात सहा वाजता सूर्य मावळतो म्हणून साडेपाचला पोहोचलात तर पेठा अंधारात आणि फक्त किल्ल्याचा माथा उजेडात मिळेल. तोही फोटो वाईट नाही, पण दोन्ही हवं असेल तर साडेचारला तिथे उभे असा.

आणि गच्ची सोडायची नसेल तर दसऱ्याच्या आधीच्या सकाळी साधा. सूर्य अजून पूर्वेला असतो, साडेसहाला उगवतो, आणि सात ते साडेसात या वेळात तिरपा उजेड किल्ल्याच्या उत्तर उतारावरून घासून जातो. उताराच्या सगळ्या घड्या उठून दिसतात. दिवाळीनंतर हा उजेड मिळत नाही, तोवर सूर्य किल्ल्याआड गेलेला असतो.

किल्ल्यावर चढून उत्तर तटावरून गावाचा फोटो काढायचा तर मात्र शरदासारखा काळ नाही. सूर्य पाठीमागे, समोर राजवाडा, पेठा, डावीकडे यवतेश्वर, उजवीकडे जरंडेश्वर. चांगल्या हवेत कल्याणगडही दिसतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर कारखाने सुरू होतात, उसाचं पाचट जाळतात, आणि कृष्णाकाठावर धुराचा पातळ पडदा बसायला लागतो. त्यामुळे लांबचे गड आधी काढून घ्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून कासला यायचं ठरवलंय. फुलं संपली असं सगळे सांगतात. यावं का? (एक वाचक, पुणे)

यावं. गुलाबी तेरड्याचे गालिचे तुम्हाला मिळणार नाहीत, ते सप्टेंबरातले. पण गालिचा म्हणजेच कास, हा समज फोटोंनीच करून दिलाय आणि त्यात माझ्यासारख्यांचाही हात आहे.

कास म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटरवरचा जांभ्या खडकाचा सडा, म्हणजे सपाट पठार. वर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा. पाऊस असेतो पाणी साचतं, पाऊस गेला की काही दिवसांत माती कोरडीठाक. तेवढ्या अवधीत उगवायचं, फुलायचं आणि बी टाकायचं, अशी इथल्या झाडांची धावपळ असते. साडेआठशेच्या आसपास जातीच्या सपुष्प वनस्पती इथे नोंदल्या आहेत, त्या एकाच वेळी फुलत नाहीत, पाळीपाळीने येतात. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं ते याचसाठी. तुम्ही याल तेव्हा पाळी असते पिवळ्याची. सोनकी, कवला (ज्याला पर्यटक मिकी माऊस म्हणतात) आणि सगळीकडे पिकायला लागलेलं गवत. शिवाय कुमुदिनीचं तळं. पांढऱ्या झालरीची ती फुलं सकाळीच बघा, दुपारनंतर मिटायला लागतात.

गवताचा फोटो उन्हाकडे तोंड करून काढा. अजिंक्यताऱ्याला जे नको म्हणालो तेच इथे हवं. सकाळी सातच्या सुमारास सूर्य समोर ठेवला की प्रत्येक तुऱ्याला उजेडाची कड येते. मोबाइल असेल तर स्क्रीनवर गवतावर बोट दाबून धरा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा. आकाश फिकं पडणार नाही आणि कड टिकेल.

लहान फुलांसाठी आडवं पडायची गरज नाही. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येते आणि जमिनीपासून बोटभर अंतरावर पोहोचते. पायवाटेवर उकिडवं बसूनही हे जमतं. सीतेची आसवं आकाराने नखाएवढी असतात, त्यांच्यासाठी ही युक्ती फार उपयोगी. त्या रोपाला मुळांशी बारीक फुगे असतात, त्यात सूक्ष्म जीव अडकतात आणि कसदार माती नसली तरी झाडाचं भागतं. हे माहीत असलं की फोटो काढताना हात आपोआप हलका होतो. पायवाट सोडून एक पाऊल टाकलं की त्या इंचभर मातीत पुढच्या वर्षीचं बी चिरडतं. मी हे दर वर्षी लिहितो आणि पुढेही लिहीन.

पुढच्या खेपेला ऑगस्टअखेर या. डबक्यांतून वायतुरा असतो, दोन फाटे फुटलेला मऊ गुलाबी तुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. आणि येण्याआधी प्रवेशाची नोंदणी करून घ्या, हंगामात दिवसाची पर्यटकांची संख्या ठरलेली असते.

कॅमेरा घेऊ की चांगला मोबाइल? बजेट चाळीस हजार. (एक विद्यार्थिनी, सांगली)

बाळा, हातात आहे तोच मोबाइल वर्षभर वापर. चाळीस हजारांतले दोन हजार एका बऱ्या ट्रायपॉडवर घाल आणि काही एसटीच्या तिकिटांवर. एकच जागा निवड, सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल घे, आणि महिनाभर वेगवेगळ्या वेळी तिथे जा. वर्षानंतर मोबाइल नेमका कुठे अडवतो ते तुला कळेल, मग मला लिही, आपण बघू.

मी शेतकरी आहे. आमची खाचरं रस्त्याला लागून आहेत. भात पिवळा पडला की शनिवार-रविवारी गाड्या थांबतात, माणसं बांधावरून थेट भातात उतरतात. सांगितलं तर म्हणतात, फोटोच काढतोय, काय नेतोय का? तुमच्या सदरात हे छापा. (एक वाचक, जावळी तालुका)

दादा, छापतोय. आणि फोटो काढणाऱ्यांच्या वतीने माफीही मागतो.

ज्यांना शेतीची सवय नाही त्यांच्यासाठी लिहितो. पिकलेल्या लोंबीला नुसता पाय लागला तरी दाणे झडतात. झडलेला दाणा चिखलात जातो, परत मिळत नाही. आडवं झालेलं भात विळ्याला नीट लागत नाही. परतीच्या पावसाने आधीच एखादा तुकडा लोळवलेला असतो, उरलेल्यावर वर्षाचा तांदूळ असतो. तेव्हा "काय नेतोय का" याचं उत्तर आहे, हो, नेताय.

भाताचा चांगला फोटो भातात उतरून येतच नाही. जावळीतली खाचरं उतारावर पायऱ्यांसारखी आहेत, त्यांची रचना वरूनच दिसते. मेढ्याच्या बाजूला, बामणोलीच्या वाटेवर, कुठेही रस्त्याच्या वळणावर सुरक्षित जागी गाडी लावा आणि रस्त्यावरूनच बघा. काही खाचरं हिरवी, काही पिवळी, काही कापून मोकळी, असा पट ऑक्टोबरच्या शेवटी आठ-दहा दिवसच असतो. साध्या झूमने नुसत्या बांधांच्या वळणदार रेघा काढा, आकाश घेऊच नका.

आणि जवळून हवंच असेल तर कापणी चालू असताना जा, घरधन्याला विचारा. मी कितीतरी वेळा असाच गेलोय. एकदा विचारल्यावर म्हातारबाबांनी आधी मला पेंढ्या उचलू लागायला लावल्या. तासाभराने कॅमेरा काढला तेव्हा कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं, आणि झोडपणीच्या वेळी उडणारा भुसा मागून येणाऱ्या उन्हात असा काही चमकत होता की त्या दिवसाचे तीन फोटो अजून माझ्या भिंतीवर आहेत.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचे फोटो नेहमी अर्धे काळे, अर्धे पांढरे येतात. योग्य वेळ कोणती? (एक वाचक, कोरेगाव)

ऊन नसलेली. गंभीरपणे सांगतोय. ढगाळ दिवस धरा, परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो तेव्हा एखादा मिळतोच.

विहीर शंभर फुटांहून खोल आणि तोंड पन्नासेक फुटांचं. शरदात दुपारी साडेबाराला सूर्य सगळ्यात वर असतो तेव्हाही ऊन तिरपंच आत येतं, उत्तरेची भिंत उजळते आणि दक्षिणेची गडद राहते. ढगाळ असलं की उजेड सगळीकडून सारखा उतरतो, काळ्या दगडाचे सांधे दिसतात, अष्टकोन नीट कळतो. पावसाळ्यानंतर पाणी वर आलेलं असतं, त्यात वरच्या कमानी उतरतात. त्यासाठी वारा पडलेला हवा, म्हणजे सकाळ.

उन्हाचाच दिवस मिळाला तर सगळी विहीर एका फोटोत मावेल हा हट्ट सोडा. ही अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली लहान विहीर यांच्या मध्ये जो छोटा महाल आहे त्याच्या आत जा आणि खांबांवरची कोरीव चित्रं काढा. दारावरच्या शरभांसाठी (सिंहासारखे काल्पनिक प्राणी) बरोबर एक पांढरा पंचा न्या. कुणाला तरी तो उन्हात ताणून धरायला सांगा, त्यावरून परतणारा मऊ उजेड बाजूने शिल्पावर पडला की आयाळीची एकेक वळी उठते. फ्लॅश मारला तर सगळं सपाट होतं. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात ही विहीर बांधून घेतली, तसा शिलालेख तिथे आहे. त्यालाही हाच पंचा चालतो. कठड्यावर मात्र चढू नका, पोरांना तर अजिबात चढू देऊ नका.

कोजागिरीचा चंद्र आणि खाली सातारा, असा फोटो हवाय. चंद्र नुसता पांढरा ठिपका येतो. (एक वाचक, सातारा)

कोजागिरीला काढू नका, आदल्या दिवशी चतुर्दशीला काढा. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो, आणि डोंगराच्या वर येईपर्यंत गावावर अंधार पडतो. मग गाव दिसेल असा उजेड घेतला की चंद्राचा ठिपका होतो, आणि चंद्र सांभाळला की गाव गायब. आदल्या दिवशी तो चाळीसेक मिनिटं आधी उगवतो. सूर्य मावळत असताना चंद्र जरंडेश्वराच्या बाजूला वर आलेला असतो, पेठांतले दिवे लागायला लागलेले असतात आणि आकाश अजून निळं असतं. हा मेळ पंधरा-वीस मिनिटं टिकतो. चार भिंतीच्या टेकडीवरून किंवा यवतेश्वराच्या घाटातून, दोन्हीकडून मिळतो.

कॅमेरा असेल तर नुसत्या चंद्रासाठी आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) 100, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) 11, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) 1/100 सेकंद, इथपासून सुरुवात करा. चंद्र म्हणजे भर उन्हातला दगड आहे, रात्र आहे म्हणून त्याला जास्त उजेड द्यायचा नसतो. कोजागिरीच्या रात्री मात्र कॅमेरा ठेवा आणि घरच्यांबरोबर दूध घ्या.

घाटावर, देवळात माणसांचे फोटो काढताना फार संकोच होतो. न विचारता काढलं तर चोरी वाटते, विचारलं तर माणसं ताठ उभी राहतात. तुम्ही काय करता? (एक वाचक, कराड)

ताई, हा संकोच जाऊ देऊ नका. त्याच्यामुळेच चांगले फोटो येतात.

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे पहाटे काकडा चालतो. तुमच्या प्रीतिसंगमावर असेल, आमच्या संगम माहुलीलाही असतो. वेण्णा तिथे कृष्णेला मिळते, काठावर विश्वेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ. एका वर्षी मी आठ दिवस पहाटे जात होतो. पहिले चार दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवला, टाळ वाजवायला उभा राहिलो.

पाचव्या दिवशी आरती झाल्यावर एक आजी निरांजन घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरत होत्या. नदीवरून वारा येत होता. त्यांनी ज्योतीभोवती डाव्या हाताचा आडोसा केला आणि वरून पदर ओढला. सगळा उजेड त्या ओंजळीत कोंडला. बोटांच्या कडा आतून लाल दिसत होत्या, हनुवटीखाली पिवळा प्रकाश, बाकी चेहरा अंधारात. मागे नदीवर धुकं. मी म्हणालो, "आजी, फोटो काढू का?" त्या वर बघायच्या आधीच म्हणाल्या, "काढ की, पण दिवा विझायच्या आत." त्या ताठ उभ्या राहिल्या नाहीत, कारण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, ज्योतीकडे होतं. शटर 1/15 वर होतं, मी कोपर पायरीच्या दगडावर टेकवलं आणि श्वास धरून दोन फोटो काढले. एक हलला, एक राहिला.

तेव्हा माणूस कामात असताना विचारा, रिकामा उभा असताना नको. काम करणारे हात थांबत नाहीत, आणि होकार मिळाल्यावर तुम्हाला चोरट्यासारखं घाई करावी लागत नाही. नाही म्हणाले तर नमस्कार करून बाजूला व्हा. फ्लॅश बंद ठेवा, मोबाइलचा शटरचा आवाजही. फोटो छापून घ्या आणि स्वतः नेऊन द्या. मी त्या आजींना आठ बाय दहाची प्रिंट दिली तेव्हा त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही, बोटांवरचा लाल उजेड नातवाला दाखवत बसल्या.

काकड्याला यायचं तर पाचच्या आधी पोहोचा. पायऱ्या दवाने ओल्या असतात, ट्रायपॉडचे पाय घसरतात, त्यांच्याखाली सुतळीचं बारदान घाला.